दीडमिनिटे काकांची चार मिनिटं

१

जेवून हात पुसत पुसत एडिटर आपल्या खोलीत आला, खुर्चीत बसला आणि तसाच उठला. जाताना तो टेबलावर दोन हार्ड डिस्क ठेवून गेला होता. एक रोजच्या कामाची आणि दुसरी तिची नक्कल. ही नक्कल एरवी निर्मात्यांच्या कपाटात कुलपात असायची. शेवटची प्रत काढायची म्हणून आजच सकाळी ती इथे आली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच दोन्ही एका टेबलावर होत्या, आणि आता त्या टेबलावर फक्त त्याचा चष्मा होता.

बाकीचा चित्रपट पूर्ण होऊन गेला होता. या दोन डिस्कवर एकच सीन होता, रंग नीट करायला मागे ठेवलेला. चौकीदाराचा सीन. चार मिनिटांचा. खासगी खेळाला ज्यांनी तो पाहिला होता ते सगळे बाहेर येऊन हिरोला ओलांडून गेले होते आणि एकमेकांना विचारत होते, तो चौकीदार कोण हो?

"खोलीला कुलूप लावता येत नाही का तुला?" निर्माते धापा टाकत आले. त्यांचं पोट दारातून त्यांच्या आधी आत येत असे. "उद्या सकाळी पिक्चर जायचाय!"

"जेवायला गेलो होतो हो. अर्धा तास!"

बोळाच्या टोकाला, भिंतीत वर एक कॅमेरा होता. दहा मिनिटांनी सगळे त्याच्या चित्राभोवती गर्दी करून उभे राहिले. एक वाजून चाळीस मिनिटं. बोळ रिकामा. मग कपडेपटाच्या बाजूने एक माणूस आला. लांब खाकी कोट, टोपी, नाकापर्यंत मफलर. कॅमेऱ्याकडे पाठ करून, एक पाय ओढत, भिंतीला हात लावत तो एडिटरच्या खोलीत शिरला. तीन मिनिटांनी मान खाली घालून परत गेला.

तो कोट सगळ्यांच्या ओळखीचा होता, आणि ती चालही.

"हे तर आपले दीडमिनिटे!" निर्माते म्हणाले.

२

काकांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता त्यांच्या रेशनकार्डाला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. अडतीस वर्षांत एकाही चित्रपटात ते दीड मिनिटापेक्षा जास्त दिसले नव्हते. डॉक्टर, वकील, पोस्टमन, मुलीचे वडील. येत, एखादं वाक्य असं टाकत की लोक घरी जाताना तेवढंच घेऊन जात, आणि नाहीसे होत. हे आडनाव कुणीतरी थट्टेत चिकटवलं आणि काकांनी ते हसत घेतलं. या चित्रपटात त्यांना पहिल्यांदा चार मिनिटं मिळाली होती.

आणि शूटिंग संपून महिना होतो न होतो तोच एका सकाळी त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. डोळा मिटेना, ओठ उचलेना. त्याला आता चार महिने झाले होते. तेव्हापासून ते मफलर गुंडाळूनच बाहेर पडत. खासगी खेळालाही आले नव्हते. म्हणजे तो सीन पुन्हा करायची सोय नव्हती, आणि ज्याने केला त्याने तो अजून पाहिलाही नव्हता.

"मागच्या आठवड्यात माझ्या ऑफिसात येऊन ओरडून गेलाय तो," निर्माते म्हणाले. "पोस्टरवर माझं नाव नसेल तर माझं तोंडही नको तुमच्या पिक्चरमध्ये! सगळ्यांनी ऐकलंय. आज येऊन तोंड घेऊन गेला. झालं!"

"काका असं करणार नाहीत," मागून आवाज आला.

या वहीबाई. शूटिंगच्या जागी कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसलेली असते, आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं, ती याच. कप कुठल्या हातात होता, केस कानामागे होते की पुढे, मेणबत्ती किती जळली होती, हे सगळं टिपून ठेवायचं. नाहीतर एकाच खोलीत शिरताना माणसाचा शर्ट निळा आणि बसताना हिरवा व्हायचा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. घरी नवऱ्याने चष्मा हरवला की तोही यांनाच विचारी, आणि त्या न उठता सांगत. आज त्या श्रेयनामावलीतली नावं तपासायला आल्या होत्या.

"मला ते चित्र परत दाखवा," त्या म्हणाल्या.

माणूस चालू लागला. वहीबाईंना काहीतरी खटकलं. भाजीत मीठ नाही हे कळावं पण काय कमी आहे ते सांगता येऊ नये, तसं. त्यांनी पिशवीतून जाड वही काढली आणि पानं उलटली.

"हे बघा. चौकीदार डावा पाय ओढतो. मी लिहिलंय. आणि हा माणूस उजवा ओढतोय. हे काका नाहीत."

निर्मात्यांनी एडिटरकडे पाहिलं. "खासगी खेळाची कॉपी आहे ना? लाव."

ती कॉपी होती, पण चोरीच्या भीतीने घातलेला भला मोठा आकडा प्रत्येक चेहऱ्यावरून फिरत असल्याने दाखवायच्या कामाची नव्हती. चौकीदार व्हरांड्यातून चालत आला. उजवा पाय ओढत, शिट्टीची दोरीही उजव्या खांद्यावर. स्वच्छ दिसत होतं.

तीस वर्षांत वहीबाईंची वही एकदाही खोटी पडली नव्हती.

"पिक्चरमध्ये उजवा, चोराचा उजवा," निर्माते म्हणाले. "फक्त तुमच्या वहीत डावा. सहा वाजेपर्यंत डिस्क आल्या नाहीत तर मी पोलिसांत म्हाताऱ्याचं नाव देणार. आणि पिक्चर त्या सीनशिवाय जोडून पाठवणार. हिरोच्या ताई तर म्हणतातच की त्यावाचून काही अडत नाही."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

३

कपडेपटात कपडे सांभाळणारे ड्रेसमामा कोट समोर टांगून हातात डोकं धरून बसले होते.

"जेवायला गेलो तेव्हा हा पेटीत होता. आलो तर बाहेर खुंटीला. मी कशाला बाहेर ठेवू?"

वहीबाई कोटाभोवती फिरल्या. चौकीदाराच्या खांद्याला शिट्टीची लाल दोरी होती. ती उजव्या खांद्याला टाचलेली होती.

"मामा, ही दोरी तुम्ही लावलीत?"

"छे! दोरी तर मी काढून धुऊन वेगळ्या डबीत ठेवलेली." मामांनी जवळ येऊन पाहिलं आणि त्यांची भिवई वर गेली. "आणि मी लावली असती तर डावीकडे लावली असती. शिट्टी उजव्या हाताने काढायची तर दोरी डावीकडेच लागते. काकांनीच सांगितलं होतं तसं."

"म्हणजे माझी वही खरी?"

"तुमची वही काय म्हणते?"

"दोरी डावीकडे."

"मग खरीच की. पण बाई, पिक्चरमध्ये उजवीकडे आहे म्हणतात ना सगळे?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन साक्षीदार म्हणत होते डावं, आणि पडदा म्हणत होता उजवं.

ज्याच्यावर सगळ्यांचा मनातून संशय होता आणि ज्याचं नाव कुणी घेत नव्हतं तो शेजारच्या मेकअपच्या खोलीत बसला होता. हिरो. सव्वीस वर्षांचा, देखणा, नखं खात असलेला.

"दुपारी कुठे होता तुम्ही?" वहीबाईंनी विचारलं.

"इथेच. एकटा. दार लावून." त्याने सरळच सांगितलं. "मला माहितीये तुम्ही काय विचारताय. खासगी खेळानंतर एक बाई धावत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, सही हवी असेल. म्हणाल्या, ते चौकीदार आलेत का हो? लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू? रात्रभर झोप नव्हती."

"मग तो सीन गेला तर बरंच झालं म्हणायचं?"

हिरोने मान वर केली. त्याचा चेहरा एकदम लाल झाला. "मी होतो तिथे. अकरा वेळा घेतला तो शॉट, अकराही टेकच्या वेळी," एवढंच म्हणाला आणि पुन्हा नखं खाऊ लागला.

त्याची ताई दारात उभी होती. ती कधी आली ते कळलंही नाही. उंच, सडपातळ, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर हिने त्याला वाढवलं, शिकवलं, आणि आता त्याची कामं, वेळा, कपडे, जेवण सगळं हीच पाही.

"त्याला छळू नका," ती शांतपणे म्हणाली. "तो म्हातारा घेऊन गेला, सगळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा खाली गाडीत फोनवर होते."

"तुम्हाला कसा वाटला तो सीन?"

"मी तीनदा पाहिला. चांगलाच आहे. फार चांगला आहे." तिने ओठ आवळले. "चित्रपट कुणाचा आहे हे विसरायला लावण्याइतका चांगला."

"शूटिंगलाही होता का तुम्ही?"

"छे. मी कधीच जात नाही. मी समोर असले की त्याचे शब्द अडकतात, लहानपणापासून. कॉलेजात मी नाटकात असायचे तर हा विंगेत बसून माझी वाक्यं पाठ म्हणायचा. आता त्याची पाळी आहे, तर मी लांब राहते." ती भावाकडे बघून हसली. त्या हसण्यात खोटं काही नव्हतं.

वहीबाईंनी ते सगळं सवयीने टिपून घेतलं. साडेतीन वाजले होते, आणि काकांचा फोन लागत नव्हता.

४

काका चाळीस पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावर राहत. दार काकूंनी उघडलं.

"बारालाच बाहेर पडलेत. फिरायला म्हणाले. जेवलेसुद्धा नाहीत." काकूंनी आवाज खाली केला. "मी गेल्या आठवड्यापासून बघतेय, काहीतरी लपवतायत माझ्यापासून."

वहीबाई खाली उतरल्या, तर चढताना रिकाम्या असलेल्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका पायरीवर बसलेले. मफलर नाकापर्यंत. वर जायची हिंमत होत नसल्यासारखे.

"वहीबाई? तुम्ही इथे?"

त्यांनी सगळं सांगितलं. काका म्हणाले, "गेला? माझा सीन गेला?" शब्द ओठांच्या एका बाजूने येत होते. "तोडून तर टाकला नसेल हो?"

"काका, एक ते दोन तुम्ही कुठे होता?"

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढून वहीबाईंच्या हातात दिला. दवाखान्याचा. वर शिक्का, वेळ एक पंधरा ते दोन.

"सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता आहे ते असंच. परत यायचं नाही." काकांनी मफलर सारखा केला. "हिला अजून सांगितलं नाही. सांगणार कसं, तेच पाठ करत बसलोय इथे."

"पण हा कागद दाखवला की तुम्ही सुटलात! मी आत्ताच निर्मात्यांना—"

"नाही!" काका इतक्या जोरात म्हणाले की वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. त्यांनी आवाज आवळला. "हा कागद त्यांनी पाहिला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. दीडमिनिटे संपला. अहो, मी आवाजाचं काम मागणार आहे, पाठमोरी कामं मागणार आहे. कुणी दारात उभं करणार नाही. शपथ आहे तुम्हाला."

वहीबाईंनी कागद परत दिला. हातात पुरावा आला होता आणि तो वापरायची बंदी होती. असा पेच त्यांच्यावर कधी आला नव्हता.

"एवढं तरी सांगा. तुम्ही कुठला पाय ओढला होता?"

"डावा." काकांना विचारही करावा लागला नाही. "माझ्या वडिलांचा तो पाय होता. गिरणीत मशीनखाली गेला. त्यांची चाल मी लहानपणापासून पाठीमागून बघत आलोय. तीच दिली चौकीदाराला. उजवा ओढायचं म्हटलं तर मला जमणारसुद्धा नाही."

"पडद्यावर उजवा आहे, काका."

"शक्यच नाही," काका म्हणाले.

५

पाच वाजता वहीबाई एडिटरच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मी तो सीन याआधी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा डोळे पुसण्यातच गेला. तीस वर्षांत मी पडद्याकडे बघताना रडले नव्हते, म्हणून माझ्या नजरेतून सुटलं. आता मी रडत नाहीये. काय केलंस तू त्या शॉटचं?"

एडिटर कानावर हात ठेवणार होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून थांबला.

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटू दे."

"तुमची चूक झाली होती बाई," तो हळूच म्हणाला. "त्या सीनच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगात ताप होता ना? व्हरांड्याचा लांबचा शॉट त्या दिवशी घेतला. कॅमेरा कुठल्या बाजूला ठेवायचा हे सगळ्यांनी तुमच्या वहीवरून ठरवलं, आणि वहीत उजवीकडे लिहिलं होतं. हवा होता डावीकडे. त्यामुळे जवळच्या शॉटमध्ये काका एकीकडे बघतात आणि लांबच्यात बरोबर उलटीकडे. हिरोशी बोलता बोलता त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखे. फेकून द्यायच्या लायकीचा शॉट होता."

"मग?"

"मी तो उलटा केला. आरशात दिसतो तसा. नजर जुळली. व्हरांडा दोन्हीकडून सारखाच दिसतो, कुठे अक्षरं नाहीत, कुणाला कळणार? जवळच्या शॉटमध्ये खांदे दिसतच नाहीत. आणि बाकीच्या पिक्चरमध्ये चौकीदार गेटवर खुर्चीत बसलेलाच आहे, साध्या सदऱ्यात. कोट आणि चालणं या एकाच सीनमध्ये."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तीस वर्षांत एक चूक. ती तुमच्या तोंडावर कशाला मारायची?"

वहीबाई खुर्चीत बसल्या. क्षणभर त्यांना खरंच वाईट वाटलं, इतकं की चोरी विसरायला झाली. त्यांनी वही उघडली, ते पान काढलं. कॅमेरा उजवीकडे. त्यांच्याच अक्षरात, तापाने जरा वाकडं.

मग त्या ताडकन उठल्या.

"अरे, म्हणजे चोराने काकांना पाहिलंच नाही! त्याने फक्त तुझा उलटा शॉट पाहिलाय!"

"कोणी?"

"पावणेसहाला सगळ्यांना बोळात बोलाव. आणि तो कोट आण."

६

सगळे बोळात भिंतीला टेकून उभे राहिले. निर्माते सारखे घड्याळ बघत होते.

"पंधरा मिनिटं आहेत. हा काय पोरखेळ आहे?"

"एकच विनंती," वहीबाई म्हणाल्या. "प्रत्येकाने चौकीदारासारखं इथून तिथपर्यंत चालायचं. आधी तुम्ही. कोट घालून."

निर्माते चिडले, पण घड्याळ चालू होतं. त्यांनी कोटात हात घातले. कोट पाठीवर बसला आणि पोटापाशी येऊन थांबला. ड्रेसमामांनी श्वास रोखून ओढलं तरी एकही बटण लागेना. तसेच ते उजवा पाय ओढत गेले आणि आले. ड्रेसमामा भिंतीकडे तोंड करून हसले.

"चित्रातल्या माणसाची सगळी बटणं लावलेली होती," वहीबाई म्हणाल्या. "तुम्ही सुटलात. एडिटर, तू."

एडिटर डावा पाय ओढत गेला.

"यानेच तो शॉट उलटा केलाय, त्यामुळे याला खरा पाय माहीत आहे. शिवाय स्वतःच्या खोलीत शिरायला याला कोट कशाला लागतो? आता तुम्ही."

हिरोने कोट घातला. बोळाच्या टोकाला जाऊन उभा राहिला, खाली बघितलं, आणि चालू लागला. डावा पाय. पाऊल टेकण्याआधी किंचित थांबायचं, मग खांदा खाली जायचा, मग हात भिंतीला लागायचा. काही क्षण तिथे काकाच चालत होते.

"डावा," वहीबाई म्हणाल्या. "हा तिथे होता. याने आपल्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हा डावा ओढतो. चोराने उजवा ओढला, दोरीही उजवीकडे टाचली. म्हणजे चोर तो सीन फक्त पडद्यावर बघून शिकला. तोही एकदा नाही, चाल उचलता येईल इतक्यांदा. त्याला हा कोट अंगाला बसतो. दोन्ही डिस्क आज एकत्र आहेत हे त्याला माहीत होतं. आणि त्याला अभिनय येतो." त्या वळल्या. "ताई, आता तुम्ही."

ताई जागची हलली नाही.

"मला नाही येत असलं काही."

"असं काय करतेस ताई?" हिरो मनापासून म्हणाला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "कॉलेजात म्हातारीचं काम केलं होतंस ना तू? लोक शिट्ट्या वाजवत होते. तुला कुणाचीही चाल एका झटक्यात जमायची. दाखव ना, तुझं नाव यातून—"

तो तिथेच थांबला. त्याने ताईकडे पाहिलं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती.

"ताई?"

तिने खांद्यावरची पिशवी उघडली. आत रुमालात बांधलेल्या दोन काळ्या डब्या होत्या. तिने त्या एडिटरच्या हातात ठेवल्या. त्याने त्या लहान बाळासारख्या छातीशी धरल्या.

"सहा वाजता नदीत टाकणार होते," ती म्हणाली. तिचा आवाज आता शांत नव्हता. "त्यांचं आयुष्य झालं. अडतीस वर्षं झाली. याचं आत्ता सुरू होतंय. पहिल्याच पिक्चरमध्ये लोक याच्याकडे पाठ करून दुसऱ्याचं नाव विचारतात? मी स्वतःचं नाटक सोडलं ते यासाठी? तुझ्यासाठी केलं मी हे सगळं!"

निर्माते काहीतरी बोलणार होते. वहीबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि ते गप्प बसले.

"ताई," हिरो म्हणाला, "जवळच्या शॉटमध्ये काका कोणाकडे बघून बोलतायत?"

"चौकीदार बघतो मालकाच्या मुलाकडे, तुझ्या त्या पात्राकडे. असं काय विचारतोस?"

"कोणाकडे बघतायत ते विचारतोय मी. तो मुलगा त्यात दिसतच नाही. हिरो लोक अशा वेळी थांबत नाहीत. गाडीत जाऊन बसतात, आणि कुणीतरी कागदावरून वाक्यं वाचून देतं. मी थांबलो. कॅमेऱ्याला चिकटून उभा राहिलो, अकराही वेळा. सीनमध्ये त्यांनी गेटच्या किल्ल्या पुढे केल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं ना, मी रडलो. मी रडलो म्हणून त्यांचा आवाज तसा झाला." त्याने बाहीने नाक पुसलं. "या पिक्चरमधलं माझं सगळ्यात चांगलं काम ते आहे. मी त्यात दिसत नाही. पण आहे मी. तू माझंच चोरलंस, ताई."

ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ती भिंतीला टेकून खाली बसली. तो तिच्याजवळ जाऊन बसला, पण थोडं अंतर ठेवून.

वहीबाईंनी वही उघडून त्या पानावरची एक ओळ निर्मात्यांना दाखवली. 'टेक अकरावा. हिरो कॅमेऱ्याशेजारी उभा. कुणी सांगितलेलं नाही.'

"दिसत नाही त्याचंही टिपता तुम्ही?" निर्माते म्हणाले.

"सवय आहे."

त्यांनी घसा साफ केला. "पोस्टरवर दीडमिनिट्यांचं नाव घाला," ते कुणाला तरी म्हणाले. मग जरा थांबून, "खरं आडनाव काय त्यांचं?"

कुणालाच आठवेना. वहीबाईंनी सांगितलं.

७

सहा वाजता काका आले, ते काकूंना घेऊन. जिन्यातलं पाठ केलेलं त्यांनी बहुतेक सांगून टाकलं होतं, कारण काकूंचे डोळे सुजलेले होते आणि त्यांनी काकांचा हात घट्ट धरला होता. काकांच्या गळ्यात मफलर नव्हता. निर्मात्यांनी त्यांचा तो चेहरा पाहिला, माफी मागायला तोंड उघडलं आणि नुसतेच खुर्ची पुढे सरकवून बाजूला झाले.

एडिटरने सीन लावला. आकड्याविना, पूर्ण रंगात.

चौकीदार व्हरांड्यातून येऊ लागला आणि दुसऱ्याच पावलाला काका म्हणाले, "अरे, हा तर उजवा पाय!"

"माझी चूक आहे, काका," वहीबाई म्हणाल्या. "ती नसती तर डिस्क सापडल्या नसत्या. आता राहू दे तशीच."

काका हसले. अर्धेच. मग जवळचा शॉट आला आणि त्यांचं हसणं थांबलं. पडद्यावर त्यांचा पूर्ण चेहरा होता, दोन्ही बाजूंनी जिवंत, दोन्ही डोळे भरलेले. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"थांबव," काका एकदम म्हणाले. चित्र थांबलं.

दाराशी हिरो उभा होता. मागे त्याची ताई. आत यावं की नाही, दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

"तू तिथे काय करतोस?" काका म्हणाले. "असा नव्हतास उभा. इकडे ये. पडद्याच्या डाव्या बाजूला. हां, आणखी थोडा पुढे. तिथेच होतास ना?"

"हो, काका."

"मग तिथेच थांब. आणि ताई, तुम्हीही आत या, बसा इथे. हे तुम्ही कधी पाहिलं नसेल." काका खुर्चीत मागे टेकले. "हां, आता लाव रे पहिल्यापासून. मला दोघांना बघायचंय."